धुराड्याला इरलं

संपादकबाईंचा फोन आला. "काका, रानात, बर्फात, समुद्रात माणसं कशी तगली, नव्या मुलखात जाऊन घरं कशी उभारली, अशी पुस्तकं तुम्ही जन्मभर लोकांना वाचायला दिलीत. त्यातली दहा सुचवा. नाव, लेखक, प्रकाशक आणि खाली दोन-दोन ओळी. बास."

आता आली का पंचाईत! माझ्या पेटीतल्या पुस्तकांना नावं होती कुठे? महाडच्या वाचनालयातून निघताना असायची बहुतेक. पण एकदा का पुस्तक एसटीच्या टपावरून पोलादपूरला गेलं, तिथल्या हॉटेलातल्या चहाच्या कपाखाली बसलं, कापडे गावच्या पोरांच्या उशाला महिनाभर झोपलं, की त्याचं कव्हर जायचं, पहिली पानं जायची आणि लोक त्याचं नव्याने बारसं करायचे. एक 'होडीतलं', एक 'अस्वलवालं', एक 'वाळवंटातलं'. एकाला तर 'बूट खाल्लेलं' म्हणायचे. त्यात बर्फात अडकलेला माणूस भुकेपोटी स्वतःचा बूट उकळून खातो. ते पुस्तक वाचल्यावर पोलादपूरच्या एका चांभाराने माझ्या चपलेकडे अशा नजरेने पाहिलं होतं, की मी आठवडाभर बाहेर चप्पल काढली नाही.

धंदा समजावून सांगतो. आमच्या वाचनालयाच्या कमिटीला नव्वदच्या सुमारास वाटलं, की पुस्तकं खेड्यात गेली पाहिजेत. कमिटीला वाटलं, म्हणून मी जाऊ लागलो. मंगळवारी वरंध, गुरुवारी पोलादपूर आणि कापडे. सोबत हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक. रिकामी असताना ती दोन माणसांना उचलत नसे, भरल्यावर मी एकटा उचलत असे. खोटं वाटतंय? वाटू द्या. स्टँडवर उतरायचं, ट्रंक उघडायची, भोवती माणसं जमतात.

माझे नियम दोनच होते. पहिला, माणसाने मागितलेलं पुस्तक त्याला कधी द्यायचं नाही. मागणारा शेजाऱ्याने वाचलेलं मागतो. त्याला काय हवंय ते त्याच्या पायांकडे बघून ठरवायचं. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाहीत. दुसरा नियम, पुस्तक हातात ठेवण्याआधी त्याचं पहिलं प्रकरण तोंडी सांगायचं. उभ्या-उभ्या, हातवारे करून, एसटी सुटायच्या आत. ऐकून जो तोंड उघडं टाकून उभा राहील, पुस्तक त्याचं.

आता तोंडी सांगायचं म्हटलं, की थोडी भर पडते. थोडी म्हणजे किती? एखादा वाघ. फार तर एक कडा आणि कड्यावरून लोंबकळणारी बायको. पुढच्या गुरुवारी वाचक पुस्तक परत आणून विचारायचा, "काका, वाघ कुठं हाय ह्याच्यात? मी दोनदा शोधला."

"तो दुसऱ्या आवृत्तीत आहे," मी म्हणायचो. "ही पहिली."

"मग दुसरी आना की."

"संपली. हातोहात गेली!"

अशा रीतीने जगातल्या कुठल्याही प्रकाशकाला जमणार नाहीत एवढ्या आवृत्त्या मी पोलादपूर स्टँडवर काढल्या, आणि त्यांची चर्चा महाडच्या बाजारपेठेपर्यंत पोचली.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली, की त्यांची वेगळी ट्रंक भरेल. घाटावरून बदली होऊन आलेले एक बँकेचे साहेब होते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. जुलैत पोलादपूरला मासे एसटीत चढतात आणि हाफ तिकीट मागतात. साहेबांच्या शर्टांना बुरशी, उशीला बुरशी, बदलीच्या अर्जालासुद्धा बुरशी. बूट दोरीवर वाळत घालून ते अनवाणी उभे होते. मी त्यांना 'वाळवंटातलं' दिलं. पाण्याच्या एका घोटासाठी तडफडणारा माणूस, तीनशे पानं नुसती वाळू. पुढच्या खेपेला साहेब आले ते हसत. म्हणाले, "काका, शेवटच्या प्रकरणात मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओंजळभर पाणी त्या माणसाच्या नावाने प्यायलो." अर्ज त्यांनी पुढे कधी पाठवलाच नाही.

आणि आमच्या गाडीचा कंडक्टर! रानात काड्यापेटी नसताना विस्तव कसा करावा, हे एका पुस्तकात चित्रांसकट दिलं होतं. हा गडी जेवणाच्या सुट्टीत स्टँडमागे दोन काटक्या घेऊन घासत बसला. गाडी सुटायची वेळ टळली. उतारू उतरून भोवती जमले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून बॅटरी संपवली. शेवटी एका म्हाताऱ्याने बिडीची काड्यापेटी काढून पुढे केली, "घे रं बाबा, पेटव एकदाचं आणि सोड गाडी." कंडक्टर घाम पुसत मला म्हणाला, "काका, पुस्तकातला मानूस सुक्या मुलखातला हाय. आपल्याकडं काटकीसुद्धा आंघोळ करून बसलेली."

हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. कारण पुढे जे झालं ते ह्याच घोटाळ्याने झालं.

महाडच्या बाजारपेठेत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत हमीदाभाभी राहायची. नवरा कुवेतला. सासरे अब्बास शेठ, ट्रकांचे मालक, गावात वजन असलेला माणूस. भाभी वाचनालयात पुस्तक बदलायला आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे तिच्या पायांकडे पाहिलं. ती टाचा उचलून, चवड्यांवर उभी. मे महिन्यात, ठणठणीत कोरड्या फरशीवर! मग लक्षात आलं. त्या गल्लीत दर पावसाळ्यात पाणी घरात शिरायचं. तांदूळ वर, गाद्या वर, शिलाई मशीन वर, पोरी वर. लग्न होऊन आली तेव्हापासून बाई सामान माळ्यावर चढवत आणि उतरवत होती. पायांना सवयच लागली होती.

मी तिला 'ओंडक्यांचं' दिलं. परदेशातलं, मराठीत आणलेलं, जाडजूड. नवरा, बायको, एक लंगडा बैल आणि एक बंद पडलेलं घड्याळ एवढं घेऊन दोघं बर्फाच्या ओसाड मुलखात जातात आणि ओंडके तोडून घर बांधतात. नियमाप्रमाणे मी पहिलं प्रकरण तोंडी सांगितलं. "आधी काय बांधलं त्यांनी? भिंत? नाही. छप्पर? नाही. आधी धुराडं! दगडाचं, उंच! मग त्याच्याभोवती घर. बर्फ पडतंय, लांडगे ओरडताहेत आणि दोघं नवरा-बायको त्या धुराड्याला मिठी मारून बसलीत. धुराडं नसेल तर घर कसलं ते, नुसता खोका!"

भाभीचं तोंड उघडं. पुस्तक तिचं.

तिने ते परत आणलं आणि पुन्हा नेलं. पुन्हा आणलं, पुन्हा नेलं. मग एक दिवस एसटीडी बूथवरून तिने नवऱ्याला सांगितलं, की कापड्याच्या वर आपण घेतलेल्या माळावर मला घर बांधायचंय. तो माळ विकून नवा ट्रक घ्यायचं शेठच्या मनात होतं. नवरा म्हणाला, अब्बांना विचार. शेठ भडकले, पण ते व्यापारी माणूस, सौदा करूनच बोलायचे. "बांध," म्हणाले. "पोरींना घेऊन पाऊस लागल्यापासून भात कापेपर्यंत तिथं टिकलीस, तर घर तुझं, माळ तुझा. मधेच खाली आलीस तर माळ विकीन. मग नाव काढायचं नाही."

घर बांधायला घेतलं कापड्याच्या तुकाराम गवंड्याने. गुरुवारी मी ट्रंक हॉटेलात ठेवून वर जायचो, बघायला. एकदा गेलो तर दोघांचं जुंपलेलं.

"भाभी, धुराडं कशाला? धूर कौलांतून जातो. माज्या बापाचा गेला, आज्याचा गेला. वाश्यांना कीड पन लागत नाय धुरानं."

"तुकारामदादा, पुस्तकात आहे."

"पुस्तकात हाय, पन पुस्तकवाल्यानं कापडं बघितलंय का?"

"काका, सांगा ह्यांना."

मी काय सांगणार? सांगून बसलोच होतो. "धुराडं हवंच," मी म्हटलं, आणि वर एक लांडगा वाढवला.

झालं उभं. काळ्या दगडाचं, गावातल्या देवळाच्या कळसाशी बरोबरी करणारं. अख्ख्या तालुक्यात तसं दुसरं नव्हतं. एक म्हातारी खालच्या वाडीतून डोक्यावर भाताचं गाठोडं घेऊन आली आणि दारात बसली. विचारलं तर म्हणाली, "गिरन लागली ना गो इथं? भात भरडायचाय." धुराडं आहे म्हणून भाभीने स्वयंपाकघराला वरून फळ्यांचं छत ठोकून घेतलं होतं. धुराने भिंत काळी व्हायला नको, पोरींचे डोळे चुरचुरायला नकोत. बाई खुशीत होती. टाचा जमिनीला टेकल्या होत्या.

आणि पाऊस आला.

त्या गुरुवारी मी कापड्याला उतरलो तर तुकाराम इरलं पांघरून स्टँडवर उभा. शहरातल्यांसाठी सांगतो, इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पानं बसवून केलेलं पावसाचं पांघरूण. डोक्यावर घेतलं की पाठ झाकून गुडघ्यांपर्यंत येतं, पुढून उघडं. वाकून भात लावता येतं आणि अंगाला थेंब लागत नाही. तोवर सगळ्यांनी प्लास्टिकच्या खोळी घेतल्या होत्या, तुकारामने इरलं सोडलं नव्हतं.

"काका, चूल बुडाली," तो म्हणाला.

वर पोचलो तर ओटीवर अब्बास शेठ खुर्ची टाकून बसलेले, अंगणात त्यांची जीप. आत बघितलं. धुराड्यातून पाऊस सरळ चुलीत येत होता, नळ सोडल्यासारखा. चूल विरघळून सपाट झालेली, शेजारी रचलेली लाकडं भिजून चिंब. भाभीने धुराड्यात गोणपाट कोंबून बाजूला तीन दगडांवर विस्तव केला होता, पण वर फळ्या ठोकलेल्या, धूर जाणार कुठे? सगळी खोकत बाहेर आली आणि नेमकी तेव्हाच जीप येऊन थांबली. स्टोव्ह होता, पण रॉकेल पोलादपूरलाच आलेलं नव्हतं. दोन्ही पोरी खाटेवर बसून कोरडी बिस्किटं खात होत्या. काल दुपारपासून घरात काही शिजलं नव्हतं.

"या, लायब्ररीवाले," शेठ म्हणाले. "तुमचीच कमी होती. हे तुमचं पुस्तक, ही तुमची चूल आणि हा तुमचा तलाव."

मी ओटीच्या कडेला टेकलो.

"भात कापेपर्यंत राहणार होती. अजून लावणी पण झाली नाही! हमीदा, सामान बांध. पोरींना गाडीत बसव. मी रागावलो नाही, बेटा. पण शौक झाला तो बास झाला."

त्यांचं ते 'रागावलो नाही' फार वाईट होतं. रागावले असते तर भाभी भांडली असती. ती उंबऱ्यात उभी होती, आणि मी पाहिलं, टाचा पुन्हा उचललेल्या. मग ती आत गेली, 'ओंडक्यांचं' घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं.

"काका, ह्याच्यात बघा. पावसात त्यांनी काय केलं?"

मी पान उलटलं. बर्फ. आणखी उलटलं. गारा. पुढे वारा, हिमवादळ, गोठलेली नदी, गोठलेला बैल. अहो, चारशे पानांत पावसाचा एक थेंब नाही! त्या नवरा-बायकोने जन्मात मृग बघितला नव्हता. भाभीने ते पुस्तक माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलेलं. पाऊस नाही हे तिला ठाऊक असणारच. तरी तिने पुस्तक मला दिलं होतं.

"वाचा की," शेठ म्हणाले. छापील अक्षराला ते फार मान द्यायचे. पेपर वाचायला घेतला, की जाहिरातींसकट शेवटपर्यंत.

मी वर पाहिलं. अंगणात, भर पावसात, तुकाराम इरल्याखाली उभा. पाणी पानांवरून घरंगळत खाली चाललेलं आणि आत हा गडी कोरडा ठणठणीत. नुसता कोरडा नाही, त्याने आत बिडी पेटवली होती. आणि बिडीचा धूर इरल्याच्या कडेने मजेत बाहेर येत होता.

मी घसा साफ केला, बोट पानावर ठेवलं आणि वाचायला लागलो.

"'तेव्हा त्या गृहस्थाने क्षणभर विचार केला. बाहेर उभा असलेला आपला गडी कोरडा आहे, आणि त्याच्या मुखातील धूरही सुखेनैव बाहेर पडत आहे. मग जे गड्यास चालते, ते धुराड्यास का चालू नये? असे म्हणून त्याने गड्याच्या अंगावरील पर्णाच्छादन उतरविले व ते धुराड्याच्या मस्तकी स्थापिले.'"

"काय उतरवलं?" तुकाराम ओरडला.

"इरलं रे, इरलं!"

"त्या मुलखात पन इरली हायत?"

"थंड मुलखात सगळं असतं."

शेठनी भुवया उंचावल्या. मी पुस्तक छातीशी धरलं. जगात आता एकच माणूस मला खोटा पाडू शकत होता आणि ती उंबऱ्यात उभी होती. भाभीने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"हां, ते पान," ती म्हणाली. "मी विसरलेच होते."

पुढचं सगळं तुकारामचं. तो मांजरासारखा कौलांवर चढला. भिजत, शिव्या देत त्याने इरल्याची पाठ वाऱ्याकडे केली, कडेला दगड लावून ते थोडं उचलून धरलं आणि सुंभाने आवळून बांधलं. मग स्वतःच्या घरून सुक्या शेण्या आणि लाकडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणली. आपण काय केलं? मी पुस्तक धरून उभा होतो. तेही काम असतं.

गोणपाट काढलं. पाणी येईना. भाभीने चुलीच्या जागी दगड मांडून जाळ केला. सगळे बाहेर येऊन माना वर करून बघत राहिलो. अगोदर काहीच नाही. मग इरल्याच्या कडेने एक बारीक निळी रेघ बाहेर आली, वळली आणि डोंगराकडे निघाली. हुबेहूब तुकारामच वर बसून बिडी ओढतोय!

पोरी नाचायला लागल्या. शेठना चहा मिळाला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला, बशी खाली ठेवली आणि जीपकडे जाता जाता म्हणाले, "लावणी होऊ दे. मग बघू."

लावणी झाली. गौरी-गणपती झाले. भात पिकलं. भाभी खाली उतरली नाही. भात कापलं त्या आठवड्यात शेठ पुन्हा वर आले, माळाचा कागद सुनेच्या नावाने करून देतो म्हणाले आणि खरंच करून दिला. परत महाडला गेल्यावर मात्र ते वाचनालयात आले आणि त्यांनी 'ओंडक्यांचं' मागितलं. ते भाभीकडे आहे म्हणून मी टाळलं. त्यांनी ते सुनेकडून घेतलं. दोन महिने त्यांच्याकडे होतं. परत देताना काही बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. मला काय गरज?

त्यानंतर दर वर्षी मृगाच्या आधी तुकाराम नवं इरलं विणून माळावर न्यायचा. एक स्वतःला, एक धुराड्याला. बायका लेकीला माहेरची साडी देतात त्या थाटात.

पेटी पुढे बंद झाली. केबल आली, मग मोबाइल आले, कमिटीला वाटलं की खेड्यात आता कोणी वाचत नाही. कमिटीला वाटलं, म्हणून मी थांबलो. ट्रंक आता घरी आहे, गोधड्या असतात तिच्यात. कधी उघडली की अजून जुन्या कागदाचा आणि एसटीच्या डिझेलचा वास येतो आणि मी उगाच पाच मिनिटं तिथेच बसतो. एक रुखरुख आहे. जन्मभर लोकांना रानात पाठवलं, मी स्वतः एक रात्र उघड्यावर काढली नाही. मला गोम चालत नाही.

आणि मग तो पूर. महाडकरांना कुठला ते सांगायला नको. गल्लीत पाणी माळ्यांच्याही वर गेलं. रस्ता मोकळा झाल्यावर मी अब्बास शेठच्या चौकशीला निघालो. कळलं, की पाणी चढायच्या आत ते बिऱ्हाडासकट निम्मी गल्ली ट्रकांत घालून वर गेलेत. कापड्याला उतरलो. पाऊस कोसळतच होता, सगळा डोंगर पाण्यात विरघळल्यासारखा. पण माळावर इरलं दिसलं आणि त्याच्या कडेने धूर. सगळी सुखरूप आहेत का, हे विचारावंच लागलं नाही.

ओटीवर पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने बसलेली. आत डेगीत भात रटरटत होता. तुकाराम म्हातारा झालेला, चुलीपाशी लाकडं लावत होता. आणि मधोमध हमीदाभाभी, मांडीवर 'ओंडक्यांचं'. गल्लीतली पोरं तिच्याभोवती तोंडं उघडी टाकून बसलेली. ती मोठ्याने वाचत होती.

"'...त्याने गड्याच्या अंगावरील पर्णाच्छादन उतरविले व ते धुराड्याच्या मस्तकी स्थापिले. तोच रानातून दोन लांडगे आले...'"

मी दारातच थबकलो. लांडगे मी वाचले नव्हते!

"तीन," कोपऱ्यातून अब्बास शेठ म्हणाले. चष्मा नाकावर, हातात चहाची बशी. "तीन लांडगे होते. लायब्ररीवाल्यांनी वाचलं तेव्हा मी इथंच बसलो होतो."

"'तीन लांडगे आले,'" भाभीने मान न उचलता दुरुस्त केलं.

एक पोर उठलं आणि पुस्तकात डोकं घालायला लागलं. "लांडगे कुठे लिहिलेत? दाखवा ना चाची. ह्या पानावर तर बर्फ आहे नुसता."

भाभीने पुस्तक मिटलं. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, अगदी निवांत, जुनं येणं वसूल करायला आल्यासारखं.

"ते दुसऱ्या आवृत्तीत आहे, बेटा," ते पोराला म्हणाले. "ही पहिली."

तेव्हा संपादकबाई, दहा काही जमत नाहीत. एकच सुचवतो. नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही, कव्हर नाही. नवरा, बायको, लंगडा बैल आणि बंद पडलेलं घड्याळ. मात्र वाचकांना सांगा, शक्यतो दुसरी आवृत्ती मिळवा. कापड्याच्या वर, माळावर आहे.